शेवटचा टप्पा सोडला, तर विमान कंपनीचं काय बिघडतं?

वाचकांचे प्रश्न

लांबच्या शहराचं स्वस्त तिकीट काढायचं, विमान बदलण्यासाठी ज्या विमानतळावर उतरतो तिथूनच बाहेर पडायचं आणि पुढचा टप्पा सोडून द्यायचा, या प्रकाराला अमेरिकेत ‘स्किपलॅगिंग’ म्हणतात. त्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न : अमेरिकेत राहणारी माझी भाची म्हणते, की असं करणाऱ्यांची तिकिटं विमान कंपन्या रद्द करतात, कोर्टातही जातात. मला यातलं नुकसानच कळत नाही. दोन्ही टप्प्यांचे पैसे कंपनीला आधीच मिळालेले असतात. प्रवासी दुसऱ्या विमानात बसला नाही, तर तेवढं इंधन वाचतं, खाणं वाचतं. म्हणजे उलट फायदाच झाला ना? — एक वाचक, पुणे

उत्तर : दुसऱ्या विमानापुरता तुमचा हिशेब बरोबर आहे. पण नुकसान होत असेल, तर ते त्या रिकाम्या खुर्चीत शोधून सापडणार नाही. ते तिकीट विकलं गेलं तेव्हाच झालेलं असतं.

एक खरा मार्ग घेऊ. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलहून अमेरिकन एअरलाइन्सचं विमान शार्लटला जातं आणि तिथून दुसरं न्यूयॉर्कला. २०२३ साली याच मार्गाचं तिकीट असलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलाला गेन्सव्हिलच्या विमानतळावर अडवण्यात आलं. तिकीट न्यूयॉर्कचं, पण मुलगा राहणारा शार्लटच्या बाजूचा. तो मध्येच उतरणार हे उघड झाल्यावर त्याचं तिकीट रद्द झालं आणि घरच्यांना शार्लटचं थेट तिकीट घ्यावं लागलं. भाडी रोज बदलतात, म्हणून हिशेबापुरते गोल आकडे धरू. गेन्सव्हिल ते शार्लट थेट ३०० डॉलर, शार्लटमार्गे न्यूयॉर्क १८० डॉलर.

आधी बचत पाहू. माणूस आणि त्याचं सामान मिळून १०० किलो धरा. विमानात जादा वजन वाहायला दर तासाला त्या वजनाच्या साधारण तीन-चार टक्के इंधन लागतं. शार्लट ते न्यूयॉर्क दीड-पावणेदोन तासांचं उड्डाण. म्हणजे वाचलं पाच-सहा किलो इंधन, किंमत थोडेसे डॉलर. खाण्याचं पाकीट आणि पेय त्याहून स्वस्त. विमान, वैमानिक, कर्मचारी, उतरण्याचं शुल्क हा खर्च खुर्ची भरली काय, रिकामी राहिली काय, तेवढाच. बचत खरी आहे, पण किरकोळ.

आता विक्रीकडे या. शंभर जणांनी १८० डॉलरचं तिकीट काढलं आणि शार्लटला उतरले, असं समजा. कंपनीच्या हाती १८,००० डॉलर आले. ही युक्ती नसती, तर या शंभरांपैकी किती जणांनी ३०० डॉलर भरून थेट तिकीट घेतलं असतं? सगळा प्रश्न इथे आहे. ६० जणांनी घेतलं असतं, तर ६० गुणिले ३०० म्हणजे १८,००० डॉलरच आले असते. नफा नाही, तोटा नाही. ८० जणांनी घेतलं असतं, तर २४,००० आले असते. म्हणजे कंपनीला ६,००० डॉलरचा फटका. ५० जणांनीच घेतलं असतं आणि बाकीचे मोटारीने गेले असते किंवा घरी बसले असते, तर या युक्तीने कंपनीला ३,००० डॉलर वरकड मिळाले. स्वस्त भाड्याला महाग भाड्याने भागलं, की ही सीमा निघते. इथे १८० भागिले ३००, म्हणजे ६० टक्के. दोन भाड्यांत फरक जितका मोठा, तितकी ही सीमा खाली येते आणि कंपनीचा तोटा लवकर सुरू होतो.

म्हणून ‘प्रत्येक प्रवाशामागे आमचे १२० डॉलर बुडाले’ हा कंपनीचा दावा आम्हाला फुगवलेला वाटतो, कारण त्यात प्रत्येकाने महाग तिकीट घेतलंच असतं असं गृहीत धरलेलं असतं. आणि ‘कंपनीचं काहीच जात नाही’ हेही खरं नाही. कामासाठी शार्लटला जाणं भागच असलेला माणूस ३०० डॉलर देतो, हे कंपनीला ठाऊक असतं. तो १८० देऊन गेला, की फरक थेट उत्पन्नातून वजा होतो.

आणखी एक बारकावा. मोठ्या कंपन्यांची विक्रीची संगणक यंत्रणा प्रत्येक उड्डाणातल्या पुढच्या खुर्चीची किमान किंमत ठरवत असते. धंद्यात तिला ‘बिड प्राइस’ म्हणतात. समजा गेन्सव्हिल–शार्लट उड्डाणात ती ९० डॉलर आहे आणि शार्लट–न्यूयॉर्कमध्ये ६०. बेरीज १५०. न्यूयॉर्कचं तिकीट १८० ला जातंय, म्हणून यंत्रणा ते विकते. म्हणजे १८० डॉलरला तो प्रवासी न्यायला कंपनी तयारच होती. तो शार्लटला उतरणार हे आधी कळलं असतं, तर दुसऱ्या विमानातली ती खुर्ची आणखी कोणाला विकून सरासरी ६० डॉलर मिळाले असते. अडवलेल्या खुर्चीचं नुकसान साधारण एवढंच. विमान रिकामंच जाणार असेल, तर ही किंमत शून्याच्या जवळ असते. दिवाळी किंवा नाताळच्या गर्दीत ती चांगलीच चढते.

याशिवाय दोन त्रास असे आहेत, की त्यांचा आकडा मांडणं कठीण. पहिला गेटवरचा. प्रवाशाने दोन्ही टप्प्यांचं चेक-इन एकदमच केलेलं असतं, म्हणून यादीत तो ‘आलेला’ दिसतो. गेटवर त्याच्या नावाचा पुकारा होतो, वाट पाहिली जाते आणि दार बंद करायच्या सुमारास त्याची जागा प्रतीक्षेतल्या माणसाला मिळते. त्याची बॅग विमानाच्या पोटात असेल, तर आंतरराष्ट्रीय उड्डाणात ती शोधून उतरवल्याशिवाय विमान सहसा सोडत नाहीत. त्यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. दुसरा त्रास अंदाजांचा. पुढच्या वर्षीची भाडी आणि विमानांचे आकार मागच्या विक्रीवरून ठरतात. शार्लटला जाणारी माणसं न्यूयॉर्कची म्हणून नोंदली गेली, की यंत्रणेला न्यूयॉर्कची मागणी आहे त्यापेक्षा मोठी दिसते आणि शार्लटची लहान.

प्रश्न : पण मुळात लांबचं तिकीट जवळच्यापेक्षा स्वस्त असतंच कसं? एसटीत असं कधी होत नाही. — एक वाचक, सांगली

उत्तर : एसटीचं भाडं अंतरावर ठरतं. विमानाचं भाडं, कोणत्या दोन शहरांदरम्यान किती कंपन्या भांडताहेत, यावर ठरतं. अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी आपापली केंद्रं पक्की केली. अनेक गावांहून विमानं आणायची, एका मोठ्या विमानतळावर प्रवासी अदलाबदल करायचे आणि पुन्हा चहूकडे पाठवायचे. शार्लट हे अमेरिकन एअरलाइन्सचं असं केंद्र. तिथली बहुतांश उड्डाणं तिचीच. लहान गावाहून शार्लटला थेट जायचं, तर दुसरा पर्याय जवळपास नसतो, म्हणून भाडं चढं. न्यूयॉर्कला मात्र अटलांटामार्गे डेल्टा ही दुसरी कंपनीही नेते. त्या स्पर्धेत टिकायला भाडं उतरवावं लागतं. तुम्ही शार्लटमध्ये विमान बदलता हा कंपनीच्या सोयीचा भाग. ती विकत असते गेन्सव्हिल ते न्यूयॉर्क हा प्रवास. थेट उड्डाणाची सोय आणि वाचलेला वेळ यांचेही ती वेगळे पैसे घेते.

अमेरिकी संसदेसाठी हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाने २००१ साली, टप्पा सोडण्याला मनाई करणाऱ्या कंपन्यांच्या नियमांवर अहवाल दिला. कंपन्यांना असे निर्बंध घालायला मनाई केली, तर ग्राहकांचा फायदा होईल अशी शक्यता त्याला कमी वाटली, कारण मग कंपन्या भाडी आणि वेळापत्रकं बदलतील. हे पटण्यासारखं आहे. १८० डॉलरचं न्यूयॉर्क तिकीट शार्लटवाल्यांनी संपवायला सुरुवात केली, तर ते तिकीट २३० चं होईल, आणि त्याची झळ खरोखर न्यूयॉर्कला जाणाऱ्याला लागेल.

प्रश्न : न आलेल्या माणसाची खुर्ची कंपनी दुसऱ्याला विकते. म्हणजे एका खुर्चीचे दोनदा पैसे. याला काय म्हणायचं? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काही उड्डाणांत तसं होतं खरं. किती जण येणार नाहीत याचा अंदाज बांधून कंपन्या काही जागा जास्त विकतात, आणि शेवटचा टप्पा नियमितपणे सोडणारे प्रवासी हळूहळू त्या अंदाजात मिसळून जातात. त्यामुळे गर्दीच्या विमानातलं अडवलेल्या जागेचं नुकसान आणखी कमी होतं. पण हा अंदाज फुकट नसतो. तो चुकला आणि सगळेच आले, तर कोणाला तरी खाली ठेवावं लागतं. भारतात तसं झालं आणि एका तासाच्या आत दुसरं विमान दिलं नाही, तर नियमाप्रमाणे भरपाई द्यावी लागते. २४ तासांच्या आत सोय झाली तर ती १०,००० रुपयांपर्यंत जाते, त्याहून उशीर झाला तर २०,००० रुपयांपर्यंत.

पैशांची नोंदही पाहण्यासारखी असते. विकलेल्या तिकिटाची रक्कम कंपनीच्या वहीत आधी देणं म्हणून चढते. प्रवास झाला, की ती उत्पन्न होते. एका तिकिटावर दोन कंपन्यांची विमानं असतील, तर ज्या कंपनीने प्रवाशाला प्रत्यक्ष नेलं तिला तिच्या टप्प्याचा हिस्सा मिळतो. शेवटचा टप्पा दुसऱ्या कंपनीचा असेल आणि प्रवासी तिच्याकडे गेलाच नाही, तर त्या टप्प्याचे पैसे तिकीट देणाऱ्या कंपनीकडेच राहतात. अशा वेळी झळ बसते ती जागा राखून ठेवलेल्या दुसऱ्या कंपनीला.

प्रश्न : थाळीचे पैसे भरले आणि भातच खाल्ला नाही, म्हणून खाणावळवाला जादा पैसे मागत नाही. मग विमान कंपनी कशी मागू शकते? हा गुन्हा आहे का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : गुन्हा नाही. तो कराराच्या अटींचा भंग ठरू शकतो, कारण तिकीट घेताना आपण ज्या अटी मान्य करतो त्यांत बऱ्याच कंपन्यांनी हे स्पष्ट निषिद्ध केलेलं आहे. खाणावळवाला जेवणाआधी अशी अट लिहून घेत नाही. अमेरिकन एअरलाइन्सच्या अटींनुसार उरलेलं तिकीट रद्द करणं, विमानात न घेणं, भाड्यातला फरक मागणं आणि साठलेले मैल (वारंवार प्रवास करणाऱ्यांना कंपनी देते ते बक्षीस गुण) काढून घेणं हे उपाय कंपनीकडे आहेत. शेवटचा उपाय सगळ्यांत सोपा, कारण त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. म्हणूनच वर्षानुवर्षं मैल साठवणाऱ्याने या वाटेला जाऊच नये, असं आमचं मत आहे.

प्रवाशावर खटला क्वचितच होतो. गाजला तो जर्मनीच्या लुफ्तान्सा कंपनीचा. प्रवाशाचं तिकीट होतं ओस्लो–फ्रँकफर्ट–सिअ‍ॅटल आणि त्याच मार्गाने परत. २०१६ साली परतताना तो फ्रँकफर्टला उतरला, ओस्लोचा टप्पा सोडला आणि वेगळ्या तिकिटावर बर्लिनला गेला. कंपनीने प्रत्यक्ष केलेल्या प्रवासाचं भाडं नव्याने काढून २,११२ युरो मागितले. डिसेंबर २०१८ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने दावा फेटाळला. फेटाळण्याचं कारण नीट समजून घ्या. असा फरक मागता येणारच नाही, असं न्यायालय म्हणालं नाही. हा फरक कसा काढणार हे प्रवाशाला अटींवरून कळत नव्हतं, हा आक्षेप होता. त्याआधी २०१० साली जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने, एक टप्पा सोडला म्हणून उरलेलं सगळं तिकीट बाद करण्याची अट ग्राहकावर अन्याय करणारी ठरवली होती; भाड्याचं संरक्षण करायचं तर कंपनीने फरक घेण्यासारखा सौम्य मार्ग वापरावा, असा त्याचा रोख होता. लुफ्तान्साची फेरहिशेबाची अट त्यातूनच आली. स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आयबेरियाविरुद्धच्या प्रकरणात, जाण्याचा टप्पा न वापरल्यामुळे परतीचं तिकीट रद्द करण्याची अट अन्याय्य ठरवली. युरोपातली ही उदाहरणं दाखवून अमेरिकेत किंवा भारतात काउंटरवर वाद घालू नका. तिथल्या कर्मचाऱ्यावर ती बंधनकारक नाहीत.

अमेरिकेत लढाई प्रवाशांपेक्षा, अशी तिकिटं शोधून देणाऱ्या ‘स्किपलॅग्ड’ या संकेतस्थळाशी झाली. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये युनायटेड एअरलाइन्स आणि ऑर्बिट्झ हे तिकीटविक्रीचं संकेतस्थळ यांनी त्याविरुद्ध शिकागोत दावा लावला. ऑर्बिट्झने तडजोड केली. युनायटेडचा दावा २०१५ मध्ये अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर निकाली निघाला, मूळ प्रश्नाला न्यायालयाने हातच लावला नाही. अमेरिकन एअरलाइन्सने ऑगस्ट २०२३ मध्ये टेक्ससमधल्या फोर्ट वर्थला दावा केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युरीने ९४ लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला. त्यातली निम्मी रक्कम कंपनीचं बोधचिन्ह परवानगीशिवाय वापरल्याबद्दल, निम्मी संकेतस्थळाच्या कमाईपोटी. रिकाम्या खुर्च्यांचं नुकसान मोजून हा आकडा आलेला नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

प्रश्न : आईबाबा पहिल्यांदाच अमेरिकेला माझ्या भावाकडे चाललेत. तिकीट मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो–इंडियानापोलिस आणि तसंच परत, सगळं एका पीएनआरवर. शिकागोला सहा तास थांबायचं आहे. भाऊ म्हणतो, ‘मी शिकागोलाच गाडी घेऊन येतो, तीन तासांचा रस्ता आहे, त्यांना कशाला ताटकळत ठेवायचं?’ पैसे वाचवण्याचा यात काहीच हेतू नाही. असं केलं तर चालेल ना? — एक वाचक, नाशिक

उत्तर : न कळवता मुळीच करू नका. या अंकातल्या सगळ्या पत्रांत आम्हाला तुमचं पत्र महत्त्वाचं वाटलं, कारण यात फसवण्याचा विचारही नाही आणि नुकसान मात्र सर्वांत मोठं होऊ शकतं.

ई-तिकीट म्हणजे ओळीने वापरायच्या कुपनांची माळ असते. तुमच्या आईबाबांच्या तिकिटात सहा कुपनं आहेत, तीन जाण्याची आणि तीन येण्याची. तिसरं कुपन, म्हणजे शिकागो–इंडियानापोलिस, वापरलं गेलं नाही आणि ते ‘नो-शो’ म्हणून नोंदलं गेलं, की चौथं, पाचवं, सहावं यंत्रणा आपोआप रद्द करू शकते. हेतू काय होता हे संगणक विचारत नाही. तीन-चार महिन्यांनी आईबाबा परतीच्या विमानासाठी इंडियानापोलिसला पोचतील तेव्हा ही गोष्ट उघडकीस येईल, आणि आयत्या वेळी दोघांचं एकेरी तिकीट घ्यावं लागेल.

फसगत होते ती सामानामुळे. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन झाल्यावर सगळ्या बॅगा पट्ट्यावरून घ्याव्या लागतात आणि कस्टम्समधून बाहेर आल्यावर पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात. म्हणजे शिकागोला बॅगा हातात असतात, भाऊ बाहेर उभा असतो, कोणी अडवत नाही. सगळं सुरळीत झाल्यासारखं वाटतं. (अबुधाबी किंवा डब्लिनमार्गे जाणाऱ्यांचं मात्र वेगळं. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन आधीच होतं, त्यामुळे अमेरिकेत उतरल्यावर बॅग हाती न येता थेट शेवटच्या शहराला जाते.)

काय करता येईल ते सांगतो. निघायला अजून दिवस असतील, तर ज्या कंपनीने तिकीट दिलं तिला किंवा एजंटला जाण्याचा मुक्काम शिकागो करून तिकीट नव्याने काढून द्यायला सांगा. परत इंडियानापोलिसहूनच ठेवता येतं. भाड्यात फरक पडेल, बदलाचं शुल्कही लागू शकतं. आकडा आधी विचारून घ्या. तो फार असेल, तर सहा तास थांबणंच स्वस्त. ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर मागितली असेल, तर मदतनीस इमिग्रेशनपासून पुढच्या गेटपर्यंत सोबत असतो, त्यामुळे भावाची काळजी बरीच कमी होईल.

आईबाबा शिकागोला पोचल्यावर अचानक तब्येत बिघडली आणि पुढे जाणं शक्यच नसलं, तर पुढचं विमान सुटण्याआधी कंपनीच्या काउंटरवर जा किंवा फोन करा. ‘हा टप्पा प्रवासी स्वतःहून सोडत आहे, परतीचं तिकीट कायम ठेवा’ अशी नोंद करायला सांगा. कंपनी मान्य करील की नाही हे भाड्याच्या नियमांवर अवलंबून. मान्य केलं, तर ई-मेलवर लेखी घ्या, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून परतीची तिन्ही कुपनं ‘ओपन’ दाखवताहेत ना, हे विचारा. पीएनआरवर उड्डाणं दिसतात म्हणून निर्धास्त राहू नका. जागा राखलेली दिसते आणि तिकिटाचं कुपन मात्र बंद असतं, असंही होतं.

फ्रँकफर्टचं विमान उशिरा आलं म्हणून शिकागोचं पुढचं विमान चुकलं, किंवा कंपनीनेच ते रद्द केलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा दुसरं विमान देणं कंपनीचं काम. पण अशा वेळीही भाऊ गाडीने घेऊन जाणार असेल, तर कंपनीला आधी सांगा. तिने बदलून दिलेल्या नव्या विमानावर आईबाबा गेले नाहीत, तर तोही ‘नो-शो’च.

प्रश्न : मी एकटा, एक हँडबॅग घेऊन मुंबई–फ्रँकफर्ट–लंडन तिकिटावर फ्रँकफर्टला उतरणार आहे. एकेरी तिकीट आहे, म्हणजे रद्द व्हायला मागे काही उरत नाही. मग धोका काय? — एक वाचक, मुंबई

उत्तर : धोका मुंबईतच सुरू होतो. चेक-इनला शेवटच्या मुक्कामाची कागदपत्रं तपासतात. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा नसेल, तर लंडनच्या तिकिटावर बोर्डिंग पास मिळणार नाही, तुमच्याकडे शेंगेन व्हिसा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) असला तरी. आणि फ्रँकफर्टला बाहेर पडायला शेंगेन व्हिसा लागणारच. म्हणजे दोन्ही हवेत. व्हिसाचा खर्च धरला, तर तिकिटातली बचत बहुतेक वेळा उरत नाही.

दुसरं, हँडबॅग तुमच्या हातात राहीलच असं नाही. वरचे कप्पे भरले, की शेवटी चढणाऱ्यांच्या बॅगा गेटवरच घेऊन विमानाच्या पोटात टाकतात, आणि तिला टॅग लागतो तो शेवटच्या मुक्कामाचा. तुम्ही फ्रँकफर्टला आणि बॅग लंडनच्या वाटेवर. (अमेरिकेतल्या छोट्या जेट विमानांत मात्र काही वेळा गेटवर घेतलेली बॅग उतरताना विमानाच्या दाराशीच परत देतात. टॅगवर काय लिहिलंय ते वाचा.) बॅग मधल्या शहरापर्यंतच टॅग करा अशी विनंती रात्रभराचा थांबा असेल तर कधी मान्य होते, दोन-तीन तासांच्या थांब्यात सहसा होत नाही.

तिसरा धोका आमच्या मते सगळ्यांत खरा. कंपनीने तुम्हाला विकलंय मुंबई ते लंडन. फ्रँकफर्टचं वचन तिने दिलेलं नाही. विमान रद्द झालं, हवामान बिघडलं, संप झाला, तर ती तुम्हाला म्युनिकमार्गे, झुरिकमार्गे किंवा थेट लंडनला पाठवील, आणि करार पाळला म्हणून मोकळी होईल. ‘मला फ्रँकफर्टलाच जायचं होतं’ हे तुम्हाला सांगताही येणार नाही.

प्रश्न : आमच्या एजंटाने असं तिकीट काढून द्यायला साफ नकार दिला. त्याचं काय जातं? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : त्याच्या खिशातले पैसे जातात. प्रवासी मध्येच उतरणार हे ठाऊक असून तिकीट विकल्याचं आढळलं, तर विमान कंपनी एजंटाच्या नावावर ‘डेबिट मेमो’ काढते आणि भाड्यातला फरक त्याच्या पुढच्या हिशेबातून कापून घेते. पुन्हा पुन्हा झालं, तर तिकीट काढण्याचा अधिकारही जातो. त्याने नकार दिला ते योग्यच केलं.

प्रश्न : देशातल्या प्रवासात शेवटचा टप्पा सोडावा लागला, तर काही पैसे परत मिळतात का? भाडं परत न मिळणारं होतं. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मूळ भाडं बहुधा गेलंच, पण कर आणि विमानतळाची शुल्कं मागता येतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार तिकीट रद्द केलं, वापरलं नाही किंवा प्रवासी आलाच नाही, तरी सरकारी कर, विमानतळ विकास शुल्क आणि प्रवासी सेवा शुल्क कंपनीने परत करायचं असतं. स्वस्तातल्या, परतावा नसलेल्या भाड्यालाही हे लागू आहे, आणि परतावा करून देण्याचे वेगळे पैसे कंपनीला घेता येत नाहीत. आपोआप मात्र हे क्वचितच होतं. तिकिटावरचा भाड्याचा तपशील काढा, त्यात कोणती शुल्कं सोडलेल्या टप्प्याच्या विमानतळावरची आहेत ती ओळखा, पीएनआर आणि उड्डाण क्रमांक देऊन कंपनीला लिहा, आणि तिकीट एजंटाकडून काढलं असेल तर पत्र त्यालाही पाठवा. मध्ये विमान बदलतानाच्या विमानतळावर शुल्क नेहमीच लागतं असं नाही. त्यामुळे सोडलेल्या टप्प्यावर परत मिळण्याजोगं थोडंच निघालं, किंवा काहीच निघालं नाही, तर कंपनीकडे त्याचा तपशील मागा. शंका राहिली, तर तक्रार ‘एअरसेवा’ या सरकारी पोर्टलवर नोंदवता येते. तिथे कंपनीचं उत्तर जोडायला विसरू नका.